मत पेरण्याआधी उगवण तपासा

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज कापसाच्या भावावर बोलायचे ठरले होते. पण भावाचा विषय काढला की गाडी प्रत्येक वेळी एकाच वळणावर येऊन थांबते. कोणीतरी उठतो आणि म्हणतो, "आपला माणूस तिथे बोलत नाही हो." मग सगळे माना डोलावतात, चहा येतो आणि बैठक संपते. आज त्या वळणावर थांबायचे नाही असे ठरवून आलो आहोत.

30 मे 2023 या दिवशी चंद्रपूरचे खासदार बाळू धानोरकर यांचे निधन झाले. 4 जून 2024 ला नव्या निवडणुकीचा निकाल लागला. मधले एक वर्ष लोकसभेत चंद्रपूरची खुर्ची रिकामी होती. लोकप्रतिनिधित्वाचा कायदा सांगतो की जागा रिकामी झाली तर सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी. मुदत एक वर्षाच्या आत उरली असेल किंवा निवडणूक घेणे कठीण आहे असे आयोगाने सरकारशी बोलून लिहून दिले, तरच सूट. ती निवडणूक झाली नाही. पुण्याची जागाही तेव्हा रिकामी होती. तिथला एक मतदार उच्च न्यायालयात गेला. डिसेंबर 2023 मध्ये न्यायालयाने निवडणूक घ्या असा आदेश दिला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, ती गोष्ट वेगळी. पण आमची खुर्ची रिकामी का, असे एका मतदाराला वाटले आणि तो उठला. आपण काय केले?

त्या वर्षी आम्ही कोरपन्याकडच्या गावांत बैठका घेत होतो. एका गावात विचारले, "खासदार नाही, तर तुमचे काही अडले का?" पारावर बसलेला एक म्हातारा कास्तकार म्हणाला, "साहेब, खासदार होते तेव्हा काय चालू होते ते आधी तुम्ही सांगा. मग काय अडले ते मी सांगतो." सगळे हसले. आम्हीही हसलो. परतताना मात्र हसू गेले. खुर्ची भरलेली असली काय आणि रिकामी असली काय, फरकच कळत नसेल, तर हा दोष खुर्चीवरच्या माणसाचा की त्याला तिथे पाठवणाऱ्यांचा?

आणि अडले नाही म्हणता? 26 जुलै 2023 ला लोकसभेने वनसंरक्षण कायद्याची दुरुस्ती मंजूर केली. मूळ कायदा 1980 चा. गडचिरोलीतली तुलतुली, कारवाफा, चेन्ना ही धरणे ज्या कायद्यावर बोट ठेवून वर्षानुवर्षे अडकली, तोच हा कायदा. प्रत्येक निवडणुकीत आपण त्याच्या नावाने कपाळाला हात लावतो. त्या कायद्याला दिल्लीत हात घातला गेला, त्या दिवशी चंद्रपूरची खुर्ची रिकामी होती. गडचिरोली-चिमूरची खुर्ची भरलेली होती. तिथून त्या दिवशी कोणी काय म्हटले, हे या मंडपातल्या किती जणांना ठाऊक आहे? हात वर करा. पाहा, एकही हात नाही. आम्ही कोणावर आरोप करत नाही. आम्ही एवढेच म्हणतो की आपल्याला ठाऊक नाही, कारण आपण विचारले नाही.

मत देण्यात आपण मागे नाही

शहरातली माणसे म्हणतात की मतदार आळशी झाला आहे. ते आपल्याला लागू नाही. 2024 च्या लोकसभेला गडचिरोली-चिमूरमध्ये 72 टक्क्यांच्या आसपास मतदान झाले. उन्हाळ्याचे दिवस, मोहफुलाचा हंगाम, बहिष्काराची भीती, चार-चार कोस चालून जायचे, तरी माणसे गेली. मत देण्यात आपण कोणाच्या मागे नाही.

बदलण्यातही मागे नाही. चंद्रपुरातून 1980 पासून चार वेळा शांताराम पोटदुखे गेले. 1996 ला हंसराज अहीर गेले. 1998 आणि 1999 ला नरेश पुगलिया गेले. 2004 पासून पुन्हा तीन वेळा अहीर. 2019 ला अख्ख्या महाराष्ट्रात काँग्रेसचा एकच खासदार निवडून आला, तो चंद्रपुरातून. 2024 च्या एप्रिलमध्ये आपण प्रतिभा धानोरकर यांना अडीच लाखांवर मतांनी निवडून दिले. सात महिन्यांनी, नोव्हेंबरात, चंद्रपूर जिल्ह्यातल्या विधानसभेच्या 6 जागांपैकी 5 भाजपला दिल्या. म्हणजे आपण एकाच पक्षाला बांधलेले बैल नाही. राग आला की आपण खांदा बदलतो.

पण खांदा बदलून वखर तोच राहिला तर वावराला काय फरक पडणार?

काही जण यावर उपाय सांगतात की कोणालाच मत देऊ नका, नोटा दाबा. 2014 च्या विधानसभेला गडचिरोलीत 17 हजारांवर मते नोटाला पडली. हा राग खरा होता. आम्ही त्याची टिंगल करणार नाही. पण नोटा दाबणे म्हणजे बियाणे वाईट म्हणून वावर पडीत ठेवणे. पडीत वावरात काय येते ते तुम्हाला सांगायला नको. काँग्रेस गवतच येते.

कापसाला पक्ष कळत नाही

आता कापसाचा हिशेब पाहू. 5 मार्च 2012 ला केंद्राने कापसाच्या निर्यातीवर बंदी घातली. राज्य काँग्रेस आघाडीचे. गिरण्यांना कापूस स्वस्त हवा होता. 2021 च्या अर्थसंकल्पात परदेशी कापसावर सगळे मिळून 11 टक्के आयातकर बसला. एप्रिल 2022 मध्ये तो माफ केला आणि माफी ऑक्टोबरपर्यंत नेली. 19 ऑगस्ट 2025 ला पुन्हा माफ केला. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढवला. राज्य भाजपचे. ऑक्टोबर ते डिसेंबर म्हणजे काय? आपल्या कोरडवाहू पऱ्हाटीची पहिली आणि दुसरी वेचणी. पोरांचे दिवाळीचे कपडे, कृषी केंद्रवाल्याची उधारी, सोसायटीचा हप्ता, सगळे त्याच कापसावर. नेमक्या त्याच तीन महिन्यांत बाहेरच्या कापसाला दार मोकळे.

2012 ला एक पक्ष होता, 2025 ला दुसरा. दोन्ही वेळा गिरणीचे म्हणणे दिल्लीत पोचले. गिरणीवाल्याला मते किती? आपल्या एका गावाएवढीही नसतील. तरी त्याचे म्हणणे पोचते, कारण तो वर्षभर एकच गोष्ट मागतो. आपण पाच वर्षांत पन्नास गोष्टी मागतो आणि त्यांत कापूस नसतो.

बोलून उपयोग नाही असे कोणी म्हणेल, तर त्याच 2012 चे पुढचे ऐका. बंदी येताच गुजरातचे मुख्यमंत्री उघडपणे विरोधात उभे राहिले. केंद्रातले कृषिमंत्री शरद पवार यांनी स्वतःच्याच सरकारच्या निर्णयावर नाराजी सांगितली. आठवड्याभरात सरकारला माघार घ्यावी लागली. एक विरोधी पक्षाचा, एक सत्तेतला. दोघांनाही मागे कापूसवाला उभा दिसत होता. म्हणून आम्ही म्हणतो की तोंड उघडले तर फरक पडतो. प्रश्न एवढाच की आपल्याकडचे तोंड कधी उघडते आणि कशासाठी.

28 रुपये आणि 16,000 रुपये

निवडणुकीत आपण काय मागतो, ते आठवून पाहा. सभामंडप, गावातला सिमेंट रस्ता, व्यायामशाळा, स्मशानभूमीचे शेड, मंदिराला कुंपण. हे नको असे नाही. पण हिशेब मांडू.

खासदाराला वर्षाला 5 कोटींचा निधी मिळतो. चंद्रपूर लोकसभेत 18 लाखांवर मतदार आहेत. भागाकार करा, माणशी सुमारे 28 रुपये. महाराष्ट्रात आमदारालाही वर्षाला 5 कोटी मिळतात. विधानसभेचे मतदार धरा 3 लाख. माणशी सुमारे 167 रुपये. दोन्ही मिळून 195. घरात चार मते असतील तर वर्षाला 780 रुपये. तेही सगळा निधी रुपयाला रुपया खर्च झाला तर.

आता दुसरी बाजू. समजा पाच एकर कोरडवाहू, एकरी चार क्विंटल, म्हणजे 20 क्विंटल कापूस. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव 8,110 रुपये होता. ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला की केंद्रावर कापूस घेत नाहीत. केंद्र दूर, रांग मोठी, चुकाऱ्याला वेळ, म्हणून आपण खेडा खरेदीत घालून मोकळे होतो. क्विंटलमागे 800 रुपये कमी मिळाले असे धरा. 20 क्विंटलला 16,000 रुपये गेले.

780 रुपयांचे मागायला आपण गाडी करून आमदारांच्या घरी जातो. 16,000 रुपयांचे विचारायला कोणी जात नाही. ते लोक दिल्ली-मुंबईत काय करायचे ते आपल्या मागण्या पाहून ठरवतात. आपण सभामंडप मागतो, म्हणून ते नारळ फोडत फिरतात. आपण सांगितलेलेच काम ते करत आहेत, भावांनो.

डीपी कशी चालते?

हे दुसऱ्याला शिकवायच्या आधी स्वतःची कबुली देतो. आम्ही शेतकीची पदवी घेतलेली माणसे. माती परीक्षण, बियाणे, खत यांतले थोडेफार कळते. नोकरी सोडून या कामात पडलो तेव्हा वाटायचे की लोकांना समजावले की पुरे. एका वर्षी ऐन ओलिताच्या वेळी आमच्या शिवारातली डीपी जळाली. वीज कार्यालयात खेटे घातले. तूर फुलावर, कापूस दुसऱ्या बहारावर. शेवटी आम्हीच पुढाकार घेतला आणि एका लोकप्रतिनिधीला फोन केला. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. चौथ्या दिवशी डीपी आली. गावाने सत्कार केला. हार आम्हीच आणला होता.

दीड-दोन वर्षांनी तेच गृहस्थ गावात आले. त्या वर्षी कापूस हमीभावाच्या खाली गेला होता. आम्ही कागद तयार करून उभे राहिलो. म्हटले, "साहेब, खरेदी केंद्र वेळेवर का उघडले नाही? सभागृहात आपण हा विषय मांडला का?" त्यांनी आमच्याकडे पाहिले, हसले आणि विचारले, "डीपी कशी चालते?"

लोक हसले. आणि आम्ही खाली बसलो.

त्या दिवशी कळले की डीपी फुकट आली नव्हती. तिची किंमत होती आमचा प्रश्न. जी वस्तू आमच्या हक्काची होती, जिचे बिल आम्ही भरत होतो, ती उपकार म्हणून घेतली आणि प्रश्न विचारायचा हक्क देऊन बसलो. चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र 2,920 मेगावॅटचे. ज्या जिल्ह्यात एवढी वीज बनते, तिथल्या कास्तकाराला एका डीपीसाठी हार घेऊन उभे राहावे लागते, हे विचारायला हवे होते. ते राहून गेले.

खरेदी केंद्रावरही तेच. साहेबांच्या फोनने आपली एक गाडी रांग मोडून आत जाते. आपण खूश. मागच्या चाळीस गाड्या बाहेरच. उद्या त्या चाळीसांत आपलीच गाडी असते.

ज्वारी कोणी खाल्ली?

आता ज्वारीचे. तरुण पोरांना सांगावे लागते की या वरोरा, भद्रावती, राजुरा पट्ट्यात एकेकाळी कापसाला जोडून ज्वारी असायचीच. खायला भाकर, गुरांना कडबा. आज धुऱ्यावर उभे राहिले तर लांबवर कणीस दिसत नाही. विचारले की सांगतात, रानडुक्कर ठेवत नाही, रोही ठेवत नाही, पाखरे ठेवत नाहीत, आणि जागलीला जावे तर वाघाचे भय. 2025-26 ला संकरित ज्वारीचा हमीभाव 3,699 रुपये होता. पण कणीसच हाती लागले नाही तर हमीभावाचा कागद चाटायचा काय?

नुकसानभरपाईचा अर्ज, पंचनामा, हेलपाटे हे सगळे आपण करतो. पण मूळ प्रश्न दिल्लीचा आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या कलम 62 प्रमाणे एखाद्या भागात ठराविक मुदतीसाठी एखादा प्राणी उपद्रवी जाहीर करण्याचा अधिकार केंद्राला आहे. वाघासारख्या संरक्षित प्राण्याला ते लागू नाही. या कलमाखाली 2015 च्या अखेरीस बिहारच्या काही जिल्ह्यांत रोही आणि रानडुक्कर, आणि 2016 ला उत्तराखंडच्या काही भागांत रानडुक्कर एका वर्षासाठी उपद्रवी जाहीर झाले. हा उपाय बरा की वाईट यावर मतभेद असू शकतात. जंगल राखणाऱ्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. आपण जंगलातच राहतो. पण तिथल्या कास्तकाराचा प्रश्न दिल्लीच्या टेबलावर गेला, निदान निर्णय तरी झाला. आपला प्रश्न वनरक्षकाच्या पंचनाम्याच्या वहीत राहतो. हा फरक लोकप्रतिनिधीचा आहे, आणि त्याला काय सांगून पाठवले त्याचा आहे.

सबबी पुष्कळ आहेत

काही सबबी खऱ्या आहेत. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर खासदाराला किंवा आमदाराला पक्षादेशाविरुद्ध मत देता येत नाही. दिले तर पद जाऊ शकते. पण तो कायदा मताला आहे, प्रश्न विचारण्याला नाही. तारांकित प्रश्न विचारता येतो, शून्य प्रहरात विषय मांडता येतो, मंत्र्याला पत्र देऊन त्याची प्रत गावाला देता येते. पक्षादेश यातले काहीच थांबवत नाही.

दुसरी सबब आपली स्वतःची. "आपल्या समाजाचा माणूस आहे." कुणबी कुणब्याला, तेली तेल्याला, माळी माळ्याला, असे मनातल्या मनात गणित चालते. समाजाचा अभिमान असावा. पण बाजार समितीच्या काट्यावर कापूस तोलला जातो तेव्हा व्यापारी जात विचारून भाव देतो का? सगळ्यांना सारखाच लुटतो. या बाबतीत तो मोठा समतावादी आहे.

तिसरी सबब घराण्याची. 2024 ला अहेरीत एकाच आत्राम घराण्यातले वडील, मुलगी आणि पुतण्या तिघेही उभे होते. तिघांच्या निशाण्या वेगळ्या. त्यांनी उभे राहू नये असे कोणता कायदा सांगत नाही. पण बटणे तीन आणि वाडा एक असेल, तर मतदाराने निवडायचे काय? बटण दाबण्याच्या दिवशी हा प्रश्न सुटत नाही. तो सहा महिने आधी, उमेदवार ठरतानाच सोडवावा लागतो.

आणि चौथी सबब, "आपला माणूस मंत्री झाला की सगळे होईल." मारोतराव कन्नमवार हे आपल्याच चंद्रपूर जिल्ह्याचे. 1962 ला मुख्यमंत्री झाले, वर्षभरात गेले. विदर्भाला वसंतराव नाईक, सुधाकरराव नाईक, देवेंद्र फडणवीस असे मुख्यमंत्री मिळाले. या दोन जिल्ह्यांतून मंत्री तर पुष्कळ झाले. विदर्भाचा अनुशेष मोजायला 1994 ला वैधानिक विकास मंडळ आले, आणि 30 एप्रिल 2020 ला त्याची मुदत संपली. मंडळ गेले, अनुशेष तिथेच. माणूस आपला असून भागत नाही, त्याच्या खिशात आपला प्रश्न असावा लागतो.

जिथे विचारले, तिथे मिळाले

आता निराश होऊन घरी जायचे नाही. दूरची उदाहरणे नकोत, आपल्याच मातीतली देतो.

धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा. छोटे गाव. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा सगळ्यांना माहीत आहे. घोषणेमागचे काम मात्र पुष्कळांना माहीत नाही. वर्षानुवर्षे सगळ्यांनी मिळून बसायचे, कायदा वाचायचा, एकमत होईपर्यंत उठायचे नाही. 2009 ला त्यांना सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी वनखाते बांबूच्या वाहतुकीचा परवाना देईना. गाव मागे हटले नाही. 27 एप्रिल 2011 ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश त्या गावात आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. गाव मंत्र्याच्या दारी गेले नाही, मंत्री गावाच्या दारी आला. का? गावाचा प्रश्न एकच होता, आणि माणूस बदलला तरी प्रश्न बदलत नव्हता.

दुसरे, भामरागड-एटापल्लीचे. 2017 च्या जिल्हा परिषद निवडणुकीत तिथल्या ग्रामसभांनी एकत्र बसून आपले उमेदवार स्वतः ठरवले. लालसू नोगोटी यांच्यासारखे शिकलेले तरुण त्यातून निवडून आले. जिल्हा परिषदेत दोन-चार जणांनी काय होते, असे म्हणणारे म्हणोत. उमेदवार वाड्यावर किंवा पक्षाच्या कार्यालयात ठरत नाही, गावात ठरू शकतो, हे त्यांनी दाखवले. पुढे 2022 ला जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. ही दुसरी रिकामी खुर्ची. तिच्याबद्दलही आपण गप्प होतो.

तिसरे उदाहरण कडू आहे. राजुऱ्यातून शेतकरी संघटनेचे वामनराव चटप 1990, 1995 आणि 2004 ला आमदार झाले. 2019 ला अडीच हजार मतांनी मागे राहिले. त्यांच्या विचाराशी कोणाचा मतभेद असेल, तो आजचा विषय नाही. विषय हा की शेतमालाच्या भावावर बोलणारा माणूस या भागातून निवडून येऊ शकतो, हे आपणच तीनदा दाखवले. आणि मेळाव्याला हजारोंनी येणारी माणसे मतदानाच्या रांगेत लागली की शेतकरी उरत नाहीत, जात होतात, पक्ष होतात, लाभार्थी होतात, हेही आपणच दाखवले.

तर करायचे काय?

ज्वारीचे बियाणे घरचे असो की दुकानचे, पेरणीआधी तुम्ही काय करता? गोणपाट ओले करता, त्यावर 100 दाणे मांडता, गुंडाळून ठेवता, आठ-दहा दिवसांनी मोजता. 75 च्या वर उगवले तर पेरता. कमी उगवले तर बियाणे वाढवता, नाही तर परत नेऊन देता. दुकानदार जातीचा आहे, गोड बोलतो, लग्नाला आला होता म्हणून न उगवणारे बियाणे कोणी पेरत नाही. एका हंगामाच्या पेरणीला एवढी काळजी, आणि पाच वर्षांच्या पेरणीला पिशवीवरचे चित्र पाहून विश्वास?

आम्ही सुचवतो ते असे.

पहिले. प्रत्येक गावाने ग्रामसभेत पाच प्रश्न लिहून काढावेत. पाचच. आमचे पाच सांगतो, तुम्ही तुमचे करा. ऑक्टोबर ते मार्च कापसाचा आयातकर माफ होऊ नये म्हणून तुम्ही काय कराल? खरेदी केंद्र दिवाळीआधी उघडेल आणि चुकारा मुदतीत मिळेल यासाठी काय कराल? रानडुक्कर आणि रोही यांच्या प्रश्नावर कलम 62 बद्दल तुमचे मत काय? ओलिताला दिवसा वीज कधी? आणि निवडून आल्यावर वर्षातून एकदा तालुक्याला येऊन हिशेब द्याल का?

दुसरे. मत मागायला जो येईल, कोणत्याही पक्षाचा असो, त्याला चहा द्या आणि हा कागद द्या. उत्तर लेखी घ्या. तोंडी उत्तर घेऊ नका. तोंडी भाव व्यापारीही चांगलाच सांगतो.

तिसरे. निवडून आल्यावर उगवण मोजा. लोकसभेत आणि विधानसभेत कोणी कोणता प्रश्न विचारला, मंत्र्याने काय उत्तर दिले, हे सगळे छापले जाते आणि कोणालाही पाहता येते. तालुक्याच्या कॉलेजात शिकणारा पोरगा अर्ध्या तासात काढून देईल. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ते वाचून दाखवा. चांगले केले असेल तर टाळ्या वाजवा, कंजुषी करू नका. आणि कापूस हा शब्द वर्षभरात एकदाही आला नसेल, तर तेही मोठ्याने वाचा.

चौथे, आणि हे सर्वांत अवघड. डीपी, सातबारा, निराधाराचे अनुदान, पंचनामा यासाठी साहेबांना फोन करणे बंद करा. ही आपल्या हक्काची कामे आहेत. त्यासाठी तालुक्याला आपलेच दोन कार्यकर्ते बसवू. आठवड्याच्या बाजारादिवशी सगळ्यांचे अर्ज एकत्र नेऊ. थोडा उशीर होईल. पण पुढे कोणी हसून "डीपी कशी चालते?" विचारले, तर मान खाली घालावी लागणार नाही.

आम्हाला माहीत आहे की हे सांगायला सोपे आहे. वावरात तूर वाळत असते तेव्हा हात फोनकडेच जातो. आमचाही गेला होता. पण ज्या गावात दहा घरांनी हे पाळले, तिथे साहेबांची गाडी थोडी हळू होईल, काच खाली येईल. काच खाली आली की सत्काराचा हार पुढे करू नका. कागद पुढे करा.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने आपले पाच प्रश्न लिहून आणावेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे, आम्ही लिहून घेऊ. भाषण पुरे झाले. आता तुम्ही बोला.